विद्राव्य बोरॉनविना चालणाऱ्या लहान अणुभट्ट्या : गाभ्याच्या बाजूने केलेले परीक्षण

लहान मॉड्युलर अणुभट्ट्यांच्या माहितीपत्रकांत अलीकडे एक वैशिष्ट्य ठळकपणे मांडलेले असते : नेहमीच्या कामकाजात शीतक पाण्यात बोरॉन विरघळवण्याची गरज नाही. हे वाचून पुष्कळांचा समज असा होतो, की पाण्यातले एक रसायन वगळले आणि सगळा कारखाना आपोआप सोपा व स्वस्त झाला. माझी बहुतेक नोकरी बोरॉन वापरणाऱ्या दाबयुक्त पाण्याच्या भट्ट्यांच्या गाभ्याची, म्हणजे इंधन असलेल्या मधल्या भागाची, गणिते करण्यात गेली, आणि गेली काही वर्षे बोरॉनविना चालणाऱ्या गाभ्यांचे प्रसिद्ध झालेले आराखडे मी तितक्याच बारकाईने वाचत आलो आहे. त्यावरून बनलेले माझे मत आधीच सांगतो. गाभा आखूड असेल, न्यूट्रॉन गिळून भट्टी आवरणाऱ्या नियंत्रक दांड्या हलवणारी यंत्रणा दाबपात्राच्या आत असेल आणि इंधनातले गॅडोलिनियम हे न्यूट्रॉन गिळणारे मूलद्रव्य नीट जमवलेले असेल, तर अशी भट्टी मी बोरॉनवाल्या भट्टीच्या वर ठेवीन. या तिहींपैकी एखादी बाजू लंगडी असेल, तर विक्रेत्याला बरेच प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

बोरॉन नेमके कोणते काम करत होता, हे कळल्याशिवाय तो काढल्याचे मोल कळत नाही. ताजे इंधन भरले, की गाभ्यात साखळी प्रक्रिया चालू ठेवण्यापुरतेच नव्हे, तर पुढचे दीड-दोन वर्षे पुरेल इतके सामर्थ्य एकदम येऊन पडते. हे जास्तीचे सामर्थ्य सुरुवातीला दाबून धरावे लागते आणि इंधन जळत जाईल तसे हळूहळू मोकळे करावे लागते. मोठ्या भट्टीत हे काम पाण्यात विरघळलेले बोरिक आम्ल करते. नैसर्गिक बोरॉनमध्ये सुमारे २० टक्के असणारे बोरॉन-१० हे समस्थानिक न्यूट्रॉन गिळते. चक्राच्या आरंभी बोरॉनची मात्रा हजार पीपीएमच्या (दहा लाखांत हजार भागांच्या) वर असते आणि अखेरीस ती जवळजवळ शून्यावर येते. बोरॉनचा खरा गुण असा, की तो गाभ्यात सगळीकडे सारखा पसरलेला असतो. त्यामुळे वरच्या आणि खालच्या भागांतल्या शक्तीचा तोल तो बिघडवत नाही, आणि नियंत्रक दांड्या जवळजवळ पूर्ण बाहेर ठेवून भट्टी निवांत चालवता येते. गाभ्याचे गणित करणाऱ्याला याहून सोयीचा सोबती मिळणे कठीण, हे मी अनुभवाने सांगतो.

मग तो काढावासा का वाटावा? पहिले कारण पाण्याच्या हिशेबात आहे आणि ते कागदावर मांडून पाहण्यासारखे आहे. समजा, गाभ्यातून फिरणाऱ्या पाण्याच्या प्राथमिक परिपथात २०० टन पाणी आहे आणि बोरॉनची मात्रा दहा पीपीएमने कमी करायची आहे. मात्रा १,००० वरून ९९० वर आणायला शुद्ध पाणी आत सोडून तितकेच बोरॉनयुक्त पाणी बाहेर काढावे लागते, आणि त्यासाठी साधारण दोन टन पाणी पुरते. हीच दहा पीपीएमची घट चक्राच्या शेवटी, म्हणजे २० वरून १० वर आणताना, जवळजवळ १४० टन पाणी मागते, कारण विरळ करण्याचा हिशेब लघुगणकाने चालतो. मिळणारे रिअ‍ॅक्टिव्हिटीचे फळ, म्हणजे मोकळे होणारे सामर्थ्य, दोन्ही वेळी जवळपास सारखेच असते. बाहेर काढलेले, किरणोत्सर्गी अंश असलेले आणि पुन्हा शुद्ध करावे लागणारे पाणी मात्र सत्तरपट होते. विजेच्या मागणीप्रमाणे रोज शक्ती वरखाली करायची असेल, तर चक्राच्या उत्तरार्धात बोरॉन जवळजवळ निरुपयोगी ठरतो. वारा आणि ऊन यांवरच्या विजेशी जुळवून घेण्यासाठी म्हणून लहान भट्टी विकत घेणाऱ्याने हा मुद्दा सर्वांत आधी लक्षात घ्यावा.

दुसरे कारण नळ, झडपा आणि टाक्या यांचे. संहत बोरिक आम्ल थंड झाले, की त्याचे स्फटिक होऊन नळ तुंबतात, म्हणून त्या नळांना तापवणाऱ्या तारा गुंडाळून ठेवाव्या लागतात. शिवाय साठवणटाक्या, मिसळणाऱ्या यंत्रणा, बाष्पित्रे, आयनविनिमय स्तंभ आणि या सर्वांची देखभाल करणारी माणसे लागतात, ती वेगळीच. मोठ्या भट्टीत हा पसारा एकूण खर्चात झाकला जातो, पण शंभर-दोनशे मेगावॉटच्या भट्टीला तो झेपत नाही. कोणत्याही फ्लँजवर किंवा झडपेच्या दांड्यापाशी साचलेली पांढरी पूड ज्याने एकदा पाहिली आहे, त्याला बोरिक आम्लाची चिकाटी सांगावी लागत नाही. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या डेव्हिस-बेसी भट्टीत मार्च २००२ मध्ये ही चिकाटी कोणत्या थराला जाते ते दिसले. नियंत्रक दांडीच्या नळीला पडलेल्या तड्यातून झिरपलेल्या बोरॉनयुक्त पाण्याने पात्राच्या झाकणाचे सुमारे सोळा सेंटिमीटर जाडीचे कार्बन पोलाद खाऊन टाकले होते, आणि दाब अडवून धरायला फक्त आतले काही मिलिमीटरचे निष्कलंक पोलादाचे अस्तर उरले होते. बोरॉनविना चालणाऱ्या भट्टीतही गळती होऊ शकते, तडाही जाऊ शकतो. पण गळलेले पाणी अशा रीतीने पोलाद खात नाही.

तिसरे कारण माझ्या मते सर्वांत वजनदार आहे : बोरॉन पाण्यात असेल, तर तो पाण्यातून अनपेक्षितपणे नाहीसाही होऊ शकतो. अपघातात पाण्याची वाफ होते तेव्हा बोरॉन मागे राहतो, वाफ बाष्पजनित्रात निवते आणि तिथे शुद्ध पाण्याचा साठा तयार होतो. तोच साठा पुढे गाभ्याकडे सरकला, तर बंद पडलेली साखळी प्रक्रिया पुन्हा डोके वर काढू शकते. हा केवळ पुस्तकी प्रश्न नाही. बोरॉन वापरणाऱ्या नूस्केल भट्टीच्या २०२० मधल्या तपासणीत अमेरिकी अणुनियामकाच्या सल्लागार समितीने नेमकी हीच शंका उपस्थित केली, आणि आराखड्यात गाभ्यावरच्या उभ्या नळकांड्याला छिद्रे ठेवून पाणी मिसळत राहील अशी सोय करावी लागली. जे पाण्यात नाहीच ते पाण्यातून कमी होणार नाही, या साध्या तर्कापुढे बोरॉनचे समर्थक निरुत्तर होतात, आणि ते व्हावेत असेच मला वाटते.

याखेरीज लहानमोठे फायदे आहेत. त्यांपैकी ट्रिटियमचा, म्हणजे किरणोत्सर्गी हायड्रोजनचा, मुद्दा लगेच पटण्यासारखा आहे. शीतकातील ट्रिटियमचे मुख्य उगम बोरॉन आणि लिथियम हेच असल्याने दोन्ही गेले की तोही बहुतांशी जातो. इंधनकांड्यांच्या वरच्या भागावर साचणाऱ्या गंजाच्या थरात बोरॉन अडकून शक्तीचा तोल खाली झुकण्याचा जो त्रास मोठ्या भट्ट्यांनी १९९० च्या दशकात भोगला, तोही उरत नाही. पाण्याच्या रसायनात मात्र एक बारकावा आहे. बोरॉन असताना आम्लता सांभाळण्यासाठी लिथियम हायड्रॉक्साइड वापरतात, आणि झिर्कोनियमच्या आवरणावर लिथियमचा होणारा दुष्परिणाम बोरॉनच काही प्रमाणात थोपवतो. बोरॉन काढून लिथियम तसेच ठेवले, तर आवरणाला धोका वाढतो. म्हणून रोल्स-रॉइसने आपल्या भट्टीसाठी पोटॅशियम हायड्रॉक्साइड निवडले आहे. रशियन बनावटीच्या व्हीव्हीईआर भट्ट्यांत ते पूर्वीपासून वापरात आहे. फक्त पोटॅशियमपासून बनणारे, साडेबारा तासांच्या आसपास अर्धायुष्य असलेले किरणोत्सर्गी पोटॅशियम-४२ हिशेबात धरावे लागते. हा निर्णय मला विचारपूर्वक घेतलेला वाटतो.

आता किमतीकडे वळू. किंमत म्हणजे इथे पैसे नव्हेत, तर बोरॉन काढल्यावर बाकीच्या घटकांवर पडणारा भार.

बोरॉन नसलेल्या गाभ्यात पाणी तापले, की त्याची घनता घटते, न्यूट्रॉन पुरेसे मंद होत नाहीत आणि साखळी प्रक्रिया स्वतःहून मंदावते. बोरॉन असताना पाण्याबरोबर बोरॉनही प्रसरण पावून गाभ्याबाहेर जातो, त्यामुळे हा परिणाम अर्धवट पुसला जातो आणि बोरॉन फार झाला तर उलटाही होऊ शकतो. बोरॉनविना तापमानाचा हा लगाम चक्राच्या पहिल्या दिवसापासून घट्ट असतो. टर्बाइनने जास्त वाफ मागितली, की परत येणारे पाणी थोडे थंड होते आणि भट्टी आपसूक शक्ती वाढवते. मागणी घटली, की आपसूक मंदावते. पाणबुड्या आणि बर्फफोडी जहाजे याच गुणावर चालतात. परंतु लगाम दोन्ही बाजूंनी ओढतो. वाफेची मुख्य नळी फुटली आणि पाणी झपाट्याने थंड झाले, तर हाच गुणधर्म गाभ्यात रिअ‍ॅक्टिव्हिटी ओततो. बोरॉनवाल्या भट्टीत ही सर्वांत कठीण स्थिती चक्राच्या अखेरीस येते, तर बोरॉनविना ती जवळजवळ नेहमीचीच असते.

याचेच दुसरे रूप म्हणजे थंड अवस्थेत भट्टी बंद ठेवण्याचा प्रश्न, आणि माझ्या दृष्टीने संपूर्ण आराखड्याची खरी परीक्षा इथेच होते. भट्टी चालू असताना पाणी सुमारे ३०० अंश सेल्सियसला असते आणि त्याची घनता दर घन सेंटिमीटरला साधारण ०.७ ग्रॅम असते. दुरुस्तीसाठी ती थंड केली, की घनता १ वर जाते आणि गाभ्याच्या सामर्थ्यात काही हजार पीसीएमची (एक पीसीएम म्हणजे एक लाखांश) भर पडते. त्यानंतर तीनएक दिवसांत विखंडनातून बनणारा, न्यूट्रॉन गिळणारा झेनॉन वायूही विरून जातो, आणि मोठ्या भट्टीत त्याची भर अडीच-तीन हजारांची असते. हे आकडे किती मोठे आहेत ते कळण्यासाठी एवढेच सांगतो, की ताज्या युरेनियममध्ये विलंबित, म्हणजे विखंडनानंतर थोड्या उशिराने सुटणाऱ्या, न्यूट्रॉनांचा वाटा सुमारे ६५० पीसीएम असतो आणि साखळी प्रक्रियेवरचा आपला सगळा ताबा त्या तुटपुंज्या वाट्यावर अवलंबून असतो. बोरॉनवाली भट्टी थंड करताना चालक पाण्यात आणखी बोरॉन सोडून निर्धास्त होतो. इथे ते सगळे ओझे दांड्यांनी पेलायचे, आणि तेही सर्वांत प्रभावी दांडी वरच अडकली आहे असे गृहीत धरून.

परिणामी दांड्यांची संख्या वाढते. मोठ्या चार परिपथांच्या पाश्चात्य भट्टीत १९३ इंधन जुडग्यांपैकी (जुडगे म्हणजे इंधनकांड्यांचा एकत्र बांधलेला संच) साधारण ५३ जुडग्यांवर दांड्यांचे गुच्छ असतात. बोरॉनविना चालणाऱ्या लहान गाभ्यात हे प्रमाण अर्ध्याहून बरेच वर न्यावे लागते आणि काही आराखड्यांत ते जवळजवळ प्रत्येक जुडग्यापर्यंत पोहोचते. तेवढ्या यंत्रणा पात्राच्या झाकणावर बसवायच्या, तर दोन यंत्रणांमधले अंतर, झाकणाला पाडायची छिद्रे आणि प्रत्येक छिद्राची तपासणी हे सगळे वाढत जाते. म्हणजे डेव्हिस-बेसीत ज्या नळीपासून दुखणे सुरू झाले, तशा नळ्यांची संख्या आपण एका हाताने वाढवतो आणि दुसऱ्या हाताने बोरॉन काढून त्यांचा धोका कमी करतो. यंत्रणा पात्राच्या आत बसवली, तर ही अडचण मुळातून सुटते. दांडी दाबाने बाहेर फेकली जाण्याचा अपघातही विचारातून बाद होतो, कारण तिला बाहेर ढकलणारा दाबातला फरकच राहत नाही. बोरॉनविना चालणाऱ्या गाभ्यात दांड्या शक्ती चालू असतानाही आत असल्याने हा अपघात अधिक गंभीर ठरतो, म्हणून हा मुद्दा मी किरकोळ मानत नाही. आतल्या यंत्रणेने मात्र दुसरा प्रश्न उभा राहतो : ३०० अंशांच्या पाण्यात बुडालेली विद्युत वेटोळी किंवा द्रवचलित दट्टे साठ वर्षे चालतील का, आणि न चालल्यास ते किती वेळात बदलता येतील?

दांड्यांनी सगळेच सांभाळता येत नाही, म्हणून उरलेले काम इंधनातच पेरलेल्या, न्यूट्रॉन गिळता गिळता संपणाऱ्या झिजत्या शोषकांकडे जाते. हा या विषयाचा सर्वांत समृद्ध भाग आहे, आणि गाभा रचणाऱ्याचे कसब इथेच कळते. गॅडोलिनियम-१५७ मंद न्यूट्रॉन गिळण्यात बोरॉन-१० च्या सुमारे ६६ पट सरस आहे. इतक्या तीव्र शोषकामुळे न्यूट्रॉन इंधनाच्या गोळीच्या बाहेरच्या थरातच अडतात, आतले गॅडोलिनियम सुरक्षित राहते आणि कांद्याचे पापुद्रे सुटावेत तशी गोळी बाहेरून आत झिजत जाते. गोळीत गॅडोलिनियमचे प्रमाण वाढवले, तर ते जास्त काळ टिकते. अशा कांड्यांची संख्या वाढवली, तर सुरुवातीला सामर्थ्य अधिक दाबून धरले जाते. या दोन दोऱ्या वेगवेगळ्या ओढता येतात, म्हणून वेगवेगळ्या कांड्या वेगवेगळ्या वेळी झिजून संपतील अशी मांडणी करून चक्रभर रिअ‍ॅक्टिव्हिटीची रेषा जवळजवळ सपाट ठेवता येते. चांगल्या आराखड्यात हा चढउतार हजार पीसीएमच्या आसपास राखलेला दिसतो, आणि तेवढा मग दांड्या आरामात सांभाळतात.

गॅडोलिनियमचे दोष लपवण्याजोगे नाहीत. त्याच्या मिश्रणाने युरेनियम ऑक्साइडची उष्णता वाहून नेण्याची क्षमता घटते, म्हणून त्या कांड्यांतले समृद्धीकरण, म्हणजे युरेनियम-२३५ चे प्रमाण, कमी ठेवावे लागते. झिजून झाल्यावरही त्याची इतर समस्थानिके थोडे न्यूट्रॉन खात राहतात आणि चक्राचे काही दिवस हिरावून घेतात. गोळीवर झिर्कोनियम डायबोराइडचा पातळ लेप देण्याची दुसरी पद्धत असा अवशेष ठेवत नाही, पण तो लेप लवकर संपतो आणि बोरॉनपासून बनणाऱ्या हेलियममुळे कांडीतला दाब वाढतो. एर्बियम संथपणे झिजते आणि तापमानाचा लगाम आणखी घट्ट करते. मात्र त्याचा अवशेष जास्त राहतो. दक्षिण कोरियातील कैस्ट या संस्थेने आपल्या ४५० मेगावॉट औष्णिक शक्तीच्या अ‍ॅटम या संकल्पनेसाठी गोळीच्या मध्यभागी गॅडोलिनियम ऑक्साइडचा छोटा गोलक ठेवण्याची युक्ती सुचवली आहे. गोलकाचा व्यास बदलला, की झिजण्याचा वेग बदलतो, आणि बाकीची गोळी शुद्ध युरेनियम ऑक्साइडचीच राहते. कल्पना फार देखणी आहे. कारखान्यात लाखो गोळ्यांत तो गोलक नेमका मध्यभागी बसवणे हे तिच्यापुढचे आव्हान आहे. गॅडोलिनियमचा वापरच अप्रमाणित आहे, असा आक्षेप कोणी घेतला, तर तो मी मान्य करणार नाही. उकळत्या पाण्याच्या भट्ट्या अनेक दशके गॅडोलिनियम आणि नियंत्रक दांड्यांवरच चालत आल्या आहेत, आणि नेहमीच्या कामकाजात त्यांच्या पाण्यात बोरॉन कधीच नव्हता.

आता एक अनुभव. काही वर्षांपूर्वी सरावासाठी मी बोरॉनविना चालणारा एक गाभा संगणकावर रचला. आरंभीचे आकडे उत्तम आले, दांड्या वरून तिसऱ्या हिश्श्यापर्यंत आत ठेवून भट्टी समतोल झाली, आणि शक्तीचे शिखर अपेक्षेप्रमाणे खालच्या अर्ध्यात होते, पण मर्यादेत. त्यानंतर मी चक्र पुढे सरकवत गेलो. दांड्यांच्या सावलीत असलेला वरचा भाग जळतच नव्हता. तिथले गॅडोलिनियमही झिजत नव्हते. आणि दांड्यांनी मंद न्यूट्रॉन हिरावल्यामुळे तिथे प्लुटोनियम तुलनेने अधिक साचत होते. चक्राच्या शेवटच्या तिसऱ्या भागात सामर्थ्य पुरेनासे झाले म्हणून दांड्या बाहेर घेतल्या, तेव्हा इतके दिवस झाकलेले ते ताजे इंधन एकदम उघडे पडले आणि शिखर तळातून उठून माथ्याशी जाऊन बसले. आलेख पाहताक्षणी चूक लक्षात आली : शोषकांची मांडणी मी वरपासून खालपर्यंत एकसारखी ठेवली होती, जणू पाण्यात अजूनही बोरॉन आहे. वरच्या आणि खालच्या भागांत गॅडोलिनियमचे प्रमाण वेगळे ठेवून आणि दांड्यांचे गट ठरावीक दिवसांनी आलटून पालटून वापरून तो गाभा शेवटी ठीक झाला, पण त्यात कित्येक आठवडे गेले. म्हणूनच चक्राच्या आरंभीचा एकच सुंदर आलेख दाखवणाऱ्या सादरीकरणावर मी विश्वास ठेवत नाही.

गाभा आखूड असला, की हा त्रास बराच सौम्य होतो. वरचे आणि खालचे भाग न्यूट्रॉनांनी एकमेकांशी घट्ट बांधलेले राहतात, आणि झेनॉनमुळे शक्ती वरखाली हेलकावे घेऊ लागली तरी ते हेलकावे लवकर विरतात. मोठ्या भट्टीचा गाभा ३.६६ मीटर किंवा त्याहून उंच असतो. लहान भट्टीत तो दोन-अडीच मीटरचा असू शकतो, आणि याच एका कारणाने बोरॉनविना चालण्याची कल्पना लहान भट्ट्यांत व्यवहार्य ठरते.

प्रत्यक्ष आराखड्यांत रशियाची केएलटी-४०एस सर्वांत अनुभवी आहे. पेवेक येथे नांगरलेल्या 'अकादेमिक लोमोनोसोव' या तरंगत्या केंद्रावर अशा दोन भट्ट्या मे २०२० पासून व्यापारी तत्त्वावर वीज देत आहेत. प्रत्येकीची औष्णिक शक्ती १५० मेगावॉट आणि विद्युत शक्ती ३५ मेगावॉट आहे. बर्फफोड्या जहाजांच्या वंशातली ही भट्टी बोरॉनविना चालते, यात नवल नाही. मात्र तिच्या इंधनाचे समृद्धीकरण नेहमीच्या ५ टक्क्यांच्या पुष्कळ वर, २० टक्क्यांच्या खाली आहे, त्यामुळे ५ टक्क्यांत बसणाऱ्या गाभ्याला तिचा अनुभव जसाच्या तसा लावता येत नाही. अर्जेंटिनाची कॅरेम ही १०० मेगावॉट औष्णिक शक्तीची, नैसर्गिक अभिसरणावर चालणारी भट्टी मला आराखडा म्हणून फार आवडते. तिचा गाभा केवळ १.४ मीटर उंच आहे आणि दांड्या पात्राच्या आत पाण्याच्या दाबाने हलतात. २०१४ मध्ये तिचे बांधकाम सुरू झाले, पण ती अद्याप चालू झालेली नाही, याचे दुःख वाटते. अमेरिकेतील एमपॉवर हीसुद्धा आतल्या यंत्रणेची, बोरॉनविना चालणारी संकल्पना होती. ती २०१७ मध्ये गुंडाळली गेली. फ्रान्सच्या नुवार्डचा १७० मेगावॉटच्या दोन भट्ट्यांचा मूळ आराखडा याच वाटेने निघाला होता, पण २०२४ मध्ये ईडीएफ या फ्रेंच वीजकंपनीने तो बाजूला ठेवून अधिक रुळलेल्या तंत्राकडे वळायचे ठरवले.

आज गांभीर्याने तोलण्याजोगे दोन आराखडे उरतात. दक्षिण कोरियाच्या आय-एसएमआरच्या एका मॉड्युलची औष्णिक शक्ती ५२० मेगावॉट आणि विद्युत शक्ती १७० मेगावॉट आहे. चार मॉड्युल मिळून ६८० मेगावॉटचे केंद्र होते. याच देशाच्या स्मार्ट या ३३० मेगावॉट औष्णिक शक्तीच्या भट्टीला २०१२ मध्ये प्रमाण आराखड्याची मान्यता मिळाली होती, आणि ती बोरॉन वापरते. एका आराखड्याची सगळी गणिते मान्य करून घेतलेल्या लोकांनी पुढच्या वेळी बोरॉन सोडून दांड्यांची यंत्रणा पात्रात नेली, हे मला विक्रेत्याच्या कोणत्याही दाव्यापेक्षा अधिक बोलके वाटते. आकार, आतली यंत्रणा आणि गॅडोलिनियमवरचे तिथले संशोधन या तिन्ही कसोट्यांवर ही भट्टी माझ्या यादीत पहिली आहे. तिला २०२८ पर्यंत मान्यता मिळवण्याचे उद्दिष्ट आहे, म्हणजे ती अजून कागदावर आहे, हे खरेदीदाराने विसरू नये.

रोल्स-रॉइसची भट्टी अधिक धाडसी आहे. १,३५८ मेगावॉट औष्णिक आणि ४७० मेगावॉट विद्युत शक्ती, १२१ जुडगी, २.८ मीटर उंचीचा गाभा आणि तीन परिपथ अशी तिची ठेवण आहे; 'लहान' या शब्दात ती कशीबशी बसते. दांड्यांची यंत्रणा तिने झाकणावर, रुळलेल्या पद्धतीने ठेवली आहे. याचा फायदा असा, की आतल्या यंत्रणेच्या टिकाऊपणाचा प्रश्न येत नाही. तोटा असा, की दांडी फेकली जाण्याचा अपघात हिशेबात धरून गणितानेच त्याला उत्तर द्यावे लागते. ब्रिटिश नियामकांची तपासणी २०२२ मध्ये सुरू झाली आणि दुसरा टप्पा जुलै २०२४ मध्ये पुरा झाला. २.८ मीटरच्या गाभ्यात शिखर वरखाली होण्याचा प्रश्न मी वर सांगितलेल्या सरावापेक्षा सोपा नसणार, म्हणून तिच्या चक्रभराच्या आलेखांकडे माझे विशेष लक्ष आहे. रचनाकारांनी रसायन, इंधन आणि दांड्या यांचा विचार एकत्र केलेला दिसतो, आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. 'बोरॉनमुक्त' म्हणवणाऱ्या भट्ट्यांतही आणीबाणीसाठी बोरॉनचे द्रावण साठवलेले असू शकते. दांड्या पडल्याच नाहीत, तर भट्टी बंद करण्याचा दुसरा, वेगळ्या तत्त्वावरचा उपाय हवा असतो, आणि तो कॅरेममध्येही आहे, रोल्स-रॉइसमध्येही आहे. यात विसंगती काहीच नाही. रोजच्या रसायनातून बोरॉन जातो आणि कुलूपबंद टाकीत राहतो, इतकाच अर्थ. पण मग विचारायचे असे, की ते द्रावण चुकून आत गेले, तर भट्टी पुन्हा सुरू करण्यासाठी पाणी शुद्ध करायला किती दिवस लागतील, कारण बोरॉन काढण्याचा मोठा पसारा तर आपण हौसेने वगळलेला असतो.

इंधन बदलण्याच्या काळाकडेही कोणी फारसे पाहत नाही. बोरॉनवाल्या भट्टीचे पात्र उघडताना पाण्यात दोन हजार पीपीएमहून अधिक बोरॉन असतो आणि जुडगे चुकीच्या जागी ठेवले गेले तरी हाताशी सुरक्षिततेची मोठी राखीव मर्यादा राहते. शुद्ध पाण्यात तो आधार नाही. दांड्या यंत्रणेपासून सोडवून इंधनातच ठेवाव्या लागतात, जुडगी हलवण्याचा क्रम काटेकोर ठरवावा लागतो, आणि साठवणकुंडातल्या चौकटींतही घन शोषकाच्या पत्र्यांवर व अंतरावर विसंबावे लागते. माझे मत विचारणाऱ्या प्रत्येकाला मी तीन कागद मागायला सांगतो : थंड, झेनॉनरहित आणि एक दांडी अडकलेल्या अवस्थेतल्या बंद-स्थितीच्या राखीव मर्यादेचा चक्रातल्या प्रत्येक टप्प्याचा तक्ता, दांड्यांच्या स्थितीसह शक्तीच्या उभ्या वाटणीचे चक्रभराचे आलेख, आणि इंधन बदलताना प्रत्येक पायरीला गाभा किती खाली दबलेला राहतो त्याचे गणित. पहिले दोन बहुतेक विक्रेते देतात. तिसरा कागद अजून एकाही आराखड्याच्या प्रसिद्ध साहित्यात मला समाधानकारक तपशिलासह वाचायला मिळालेला नाही, आणि म्हणून आय-एसएमआरला मी पाचांपैकी चार व रोल्स-रॉइसच्या भट्टीला साडेतीन गुण देत आहे.